शाळेच्या बँडपथकाचा ड्रम विभाग: जूनपासून १५ ऑगस्टपर्यंतची तयारी

ध्वजवंदनानंतरच्या संचलनात बासरी किंवा ब्युगल चुकलं तर ते संगीत कळणाऱ्या दोन-चार जणांच्याच लक्षात येतं. ड्रम चुकला तर सगळ्या मैदानाचे पाय चुकतात. शाळेच्या बँडमधल्या ड्रम विभागाचं काम आधी पाय धरून ठेवण्याचं आहे, शोभेचं त्यानंतर. शिकवण्याचा क्रमही त्यावरूनच ठरतो: आधी सारखेपणा, मग ताकद, आणि वेग सगळ्यात शेवटी. बहुतेक शाळांत हा क्रम नेमका उलटा असतो. पहिल्याच दिवशी मुलांच्या गळ्यात ड्रम अडकवतात आणि मागच्या वर्षीच्या मुलांची वाजवणी बघून बघून उचलायला लावतात. त्यातून आवाज भरपूर निघतो, पण सहा मुलांचा एक ड्रम काही होत नाही.

हा लेख सातवी ते दहावीच्या मुलामुलींना शिकवणाऱ्या बँडशिक्षकांसाठी, क्रीडाशिक्षकांसाठी आणि मदतीला येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांसाठी आहे.

किती वाद्यं, कोणती मुलं

पंचवीस-तीस जणांच्या पथकाला सहा साइड ड्रम (खाली तारा असलेले, चरचरीत आवाजाचे), दोन टेनर ड्रम (बिनतारांचे, मधल्या आवाजाचे), एक बेस ड्रम (सर्वांत मोठा, जाड आवाजाचा) आणि झांजांची एक जोडी पुरते. बासऱ्या दहाच असतील तर साइड ड्रम चारच ठेवा, नाहीतर सूर ऐकूच येणार नाही. बेस मात्र एकच. दोन बेस ठेवले तर आवाज दुप्पट होत नाही, ठोका दुहेरी ऐकू येतो आणि मागच्या तुकड्या गोंधळतात.

धिप्पाड मुलगा दिसला की त्याच्या गळ्यात बेस ड्रम, ही सवय सोडा. बेसला पथकातला सर्वांत स्थिर लयीचा मुलगा किंवा मुलगी हवी. निवडीची चाचणी सोपी आहे. मोबाइलवर मेट्रोनोम (टिकटिक करत लय देणारं ॲप) मिनिटाला ११२ वर लावा, मुलाला कदमताल करायला सांगा आणि पावलाबरोबर टाळी वाजवायला लावा. आठ पावलांनंतर मेट्रोनोमचा आवाज बंद करा, पण तो चालूच राहू द्या. सोळा पावलांनी आवाज परत सुरू केला की मूल किती पुढे किंवा मागे गेलं ते लगेच कळतं. जवळपास सगळीच मुलं पुढे पळतात. सर्वांत कमी पळणारं मूल बेसला घ्या. मग उरलेल्यांना पावलांच्या मधोमध टाळी वाजवायला सांगा. ज्यांना हे जमतं ते साइड ड्रमला लवकर तयार होतात.

ढोल-ताशा पथकातून आलेल्या मुलांना वेगळं पारखावं लागतं. ताशा वाजवणाऱ्याचं मनगट आधीच सुटं असतं, त्यामुळे असं मूल मिळालं तर ती मोठी जमेची बाजू आहे. ढोल वाजवणाऱ्याची ठोका खांद्यातून आणायची सवय मुरलेली असते आणि ती सुटायला तीन-चार आठवडे लागतात. या मुलांना लयीचं भान इतरांपेक्षा जास्त असतं, म्हणून त्यांना नाकारू नका. सुरुवातीला त्यांना टेनर द्या.

वाद्यं आधी नीट करा

कपाटातून जूनमध्ये निघालेले ड्रम तसेच मुलांच्या हाती देऊ नका. सहा ड्रम सहा वेगवेगळ्या सुरांत असतील तर मुलं कितीही एकत्र वाजवोत, कानाला ते विस्कळीतच लागतं, आणि आपण विनाकारण मुलांना ओरडत राहतो.

साइड ड्रमला वरचं आणि खालचं अशी दोन पानं, म्हणजे ताणून बसवलेले पडदे, असतात. वरचं जाड, खालचं कागदासारखं पातळ, आणि त्या पातळ पानाला टेकून तारांची पट्टी. काड्या वरच्या पानावर पडतात, चरचरीत आवाज खालच्या तारा देतात. खालचं पान फाटलं म्हणून तिथे वरचं जाड पान बसवलेले ड्रम बऱ्याच शाळांत सापडतात. अशा ड्रमच्या तारा नीट बोलत नाहीत आणि आवाज डब्यासारखा येतो. मेरठच्या जली कोठीतून किंवा जवळच्या शहरातल्या वाद्यांच्या दुकानातून पानं मागवताना ‘खालचं’ असं स्पष्ट सांगून मागा. प्लास्टिकचीच घ्या. चामड्याचं पान जुलैच्या हवेत तासाभरात ढिलं पडतं. प्लास्टिकची पानं १९५०च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आली, आणि दमट हवेत मैदानावर वाजवणाऱ्यांची एक मोठी कटकट त्यांनी संपवली.

पान बसवताना जुनं पान काढून ड्रमच्या पिंपाची कड कोरड्या फडक्याने पुसा. कडेला टवका गेला असेल तर ड्रम तिथे कधीच सुरात येणार नाही, सुताराकडून कड सारखी करून घ्या. नवं पान ठेवा, त्यावर ते दाबून धरणारं कडं ठेवा आणि सगळे स्क्रू आधी नुसत्या बोटांनी घट्ट करा. चावी त्यानंतर हातात घ्यायची. घड्याळाच्या तबकडीसारखं डोळ्यांसमोर आणा: बाराचा स्क्रू अर्धा फेरा, मग सहाचा, मग तीनचा, मग नऊचा, आणि नंतर मधले, तेही समोरासमोरचे. शेजारशेजारचे स्क्रू ओळीने आवळत गेलात तर पान एका बाजूला ओढलं जातं आणि सुरकुती पडते. ती नंतर निघत नाही. दोन-तीन फेऱ्यांनंतर प्रत्येक स्क्रूपासून तीन-चार सेंटिमीटर आत काडीने हलकेच टिचकी मारा. जिथे सूर खाली असेल तो स्क्रू पाव फेरा आवळा. वरचं पान असं ताणा की अंगठ्याने मधोमध दाबल्यावर जेमतेम दोन-तीन मिलिमीटर दबेल. एक ड्रम मनासारखा लागला की तो समोर ठेवून बाकीचे पाच त्याच्या सुराला लावा.

स्वस्त ड्रममध्ये एकच लांब सळई वरचं आणि खालचं कडं एकदम ओढते. अशा ड्रमची दोन पानं वेगवेगळी लावता येत नाहीत. तिथे जाडीचा फरकच कामी येतो, म्हणून खालचं पान पातळ असणं आणखी महत्त्वाचं.

तारा पानाला टेकवणारा खटका लावून मधोमध अगदी हलका ठोका द्या. आवाज ढिला, फरफर येत असेल तर तारांचा स्क्रू थोडा थोडा आवळत जा. आवाज आखूड आणि स्पष्ट झाला की थांबा. त्यापुढे आवळलं तर तारा पानाला चिकटतात आणि ड्रम घुसमटतो. भाषणं चालू असताना सगळ्या ड्रमचा हा खटका सोडलेला असला पाहिजे. ध्वनिवर्धकाच्या आवाजाने तारा आपोआप चरचरतात आणि मुख्याध्यापकांच्या प्रत्येक वाक्यामागे ती चरचर ऐकू येते.

बेस ड्रमची पानं ढिली ठेवा, पण सुरकुती पडेल इतकी नाही. आवाज फार घुमत असेल तर एका पानाच्या आतल्या बाजूने आठ-दहा सेंटिमीटर रुंदीची जाड कापडी पट्टी आडवी ताणून बसवा. आत उशी किंवा गोधडी कोंबू नका, त्याने उघड्या मैदानावर आवाज पन्नास पावलांवरच मरतो.

काड्या दोन-तीन दुकानांतून थोड्या थोड्या आणू नका. सगळ्या साइड ड्रमवाल्यांना एकाच मापाच्या द्या: चाळीस-एकेचाळीस सेंटिमीटर लांब, पंधरा-सोळा मिलिमीटर जाड. दुकानातच टेबलावर घरंगळवून पाहा. वाकडी काडी लगेच डुगडुगते. मग फरशीवर दोन्ही आपटून आवाज जुळतो का ते ऐका आणि जुळणाऱ्या काड्यांच्या जोड्या करा. वेगवेगळ्या वजनाची जोडी घेऊन मुलाचा डावा हात सुधारणार नाही.

पकड आणि ठोका

पहिले तीन आठवडे गळ्यात ड्रम नको. एक फूट बाय एक फूट प्लायवूडवर पाच-सहा मिलिमीटर जाडीचं रबर चिकटवलं की सरावाची पाटी तयार होते. रबरऐवजी जुना माउसपॅडही चालतो. पाटी कमरेच्या उंचीच्या बाकावर ठेवून उभ्यानेच सराव करा. खाली मांडी घालून बसवू नका, कोपरं चुकीच्या जागी जातात.

काडी मागच्या टोकापासून साधारण एक तृतीयांशावर धरायची. अंगठ्याचं पेर आणि तर्जनीचं पहिलं पेर यांच्यात काडी पेलायची, उरलेली तीन बोटं तिच्याभोवती सैल. तळहात खाली. दोन्ही काड्यांची टोकं मधोमध दोन बोटांच्या अंतरावर. इथे तीन चुका हमखास होतात. तर्जनी काडीवर लांब सोडली तर काडी उसळत नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्यात मोठी फट राहिली तर काडी हातात फिरते आणि तिथेच फोड येतो. मूठ आवळली तर ठोका थप्प असा मेलेला येतो आणि संध्याकाळी मनगट दुखतं. फोड आला की चिकटपट्टी लावून वाजवायला लावण्याआधी पकड तपासा.

जुन्या बँडमास्तरांनी शिकवलेल्या पथकांत डावी काडी तळहात वर करून, अंगठ्याच्या बेचक्यात धरलेली दिसते. एकाच आकड्याच्या (हुकच्या) पट्ट्याने लटकलेला ड्रम एका बाजूला तिरका होतो, त्या तिरक्या पानासाठी ती पकड सोयीची आहे. पण ती शिकायला दुप्पट वेळ लागतो. आठ आठवड्यांत १५ ऑगस्ट गाठायचा असेल तर दोन आकड्यांचा पट्टा घ्या, ड्रम शक्य तितका सपाट लटकू द्या आणि दोन्ही हात सारखेच शिकवा.

ठोका मनगटातून येतो. काडीचं टोक वर, मनगट खाली, काडी पानावर आपटून आपोआप परत वर, अशी उसळी मिळाली की दमणूक निम्मी होते. मुलं काडी खाली दाबून धरतात, तिथे शिक्षकाने हात धरून उसळी जाणवून द्यावी. मग उंची. ड्रम विभाग एकजीव ऐकू येण्याचं रहस्य काडीच्या उंचीत आहे. टोक जितकं वरून येतं तितका आवाज मोठा, त्यामुळे सहा जणांच्या उंच्या सारख्या असल्या की आवाजही सारखा होतो. तीन उंच्या ठरवा: हलका ठोका ७ सेंटिमीटर, नेहमीचा १५, जोराचा ३०. भिंतीवर खडूने तीन आडव्या रेघा मारा, मुलं शेजारी उभी करा आणि टोक रेघेशी नेऊन दाखवायला लावा. रोज पाच मिनिटं. पाटीवर मधोमध पाच सेंटिमीटरचं वर्तुळही काढा. दोन्ही काड्या त्या वर्तुळात पडल्या पाहिजेत, कारण कडेचा आवाज आणि मधला आवाज वेगळा असतो.

रोजचे व्यायाम

खालच्या ओळींत ‘उ’ म्हणजे उजवा हात, ‘डा’ म्हणजे डावा.

पहिला, आठ-आठ. आठ ठोके उजव्याने, आठ डाव्याने, न थांबता. एका टिकटिकीला दोन ठोके. मेट्रोनोम ८० पासून सुरू करा आणि आठवड्याला दहापेक्षा जास्त वाढवू नका. उंची १५ सेंटिमीटर. उजव्यावरून डाव्यावर जाताना आठवा ठोका खाली दबतो किंवा नववा घाईने पडतो, कान तिथेच ठेवा. अमेरिकेतल्या शाळांचे मोठमोठे ड्रम विभागही दिवसाची सुरुवात याच व्यायामाने करतात. तो कधीच ‘झाला’ असं होत नाही.

दुसरा, जोर आणि हलका. एका हाताचे चार ठोके, त्यातला पहिला ३० सेंटिमीटरवरून आणि उरलेले तीन ७ वरून. चूक ठरलेली आहे: जोराच्या ठोक्यानंतर काडी वरच राहते आणि दुसरा ठोकाही मोठा पडतो. जोराचा ठोका मारून काडी खालीच थांबवायला शिकवा.

तिसरा, जोड्या. उ उ डा डा उ उ डा डा. प्रत्येक जोडीतला दुसरा ठोका पहिल्याइतकाच मोठा हवा. मुलं पहिला मारतात आणि दुसरा नुसता उसळू देतात, त्यामुळे तो अर्धा ऐकू येतो. ही सवय मोडेपर्यंत वेग वाढवू नका.

चौथा, उ डा उ उ, डा उ डा डा. प्रत्येक चौकडीचा पहिला ठोका मोठा. याने हात बदलण्याची भीती जाते. १५ ऑगस्टपर्यंत एका टिकटिकीला चार ठोके या हिशेबाने १०० च्या लयीला हा व्यायाम स्वच्छ आला तर पथक चांगल्या वाटेवर आहे.

असे मूलभूत हात, म्हणजे ठोक्यांचे ठरलेले नमुने, किती असतात, हे मुलं विचारतातच. अमेरिकेतल्या ड्रमवाल्यांच्या संघटनेने १९३०च्या दशकात २६ हातांची यादी केली, आणि आज जगभर चालते ती ४० हातांची यादी १९८४ ची आहे. शाळेच्या संचलनाला त्यातले आठ-दहा पुरतात. भिंतीवर चाळीसचा तक्ता टांगून मुलांना घाबरवण्यापेक्षा तेवढे पक्के करून घ्या.

हाताआधी तोंड. प्रत्येक बोल वाजवण्याआधी मुलांनी तो पावलांवर म्हटला पाहिजे. ठोक्याचे चार भाग असतील तर ‘त-क-धि-मि’, तीन असतील तर ‘त-कि-ट’. तबला शिकणारी मुलं हे पटकन पकडतात आणि बाकीच्यांना सोबत ओढतात. तोंडाने जे चुकतं ते हाताने बरोबर येणार नाही, म्हणून हात थांबवून परत तोंडाने म्हणायला लावणं हा सर्वांत जलद उपाय आहे.

पाय

तिसऱ्या आठवड्यापासून सगळे व्यायाम कदमतालावर करा. डावा पाय पहिला, आणि पहिला ठोका डाव्या पायावर. सैनिकी संचलनाची लय मिनिटाला १२० पावलांची, पाऊल तीस इंची, म्हणजे सुमारे ७६ सेंटिमीटरचं. आठवीतल्या मुलाला गळ्यात ड्रम घेऊन एवढं पाऊल पडत नाही. लय ११२ ते ११६ आणि पाऊल ६० ते ६५ सेंटिमीटर ठेवा. मैदानावर फक्कीने तेवढ्या अंतरावर रेघा मारल्या की आठवड्यात पाऊल सारखं होतं.

सुरुवातीचा साधा बोल असा. चार पावलांचा, आणि प्रत्येक पावलाचे चार भाग:

पहिलं पाऊल, डावं: उ – – –
दुसरं, उजवं: उ – – –
तिसरं, डावं: उ – उ डा
चौथं, उजवं: उ – – –

बेस चारही पावलांवर, त्यात डाव्या पायाचे ठोके किंचित मोठे. टेनर पहिल्या आणि तिसऱ्या पावलावर. एवढंच आधी पक्कं करा. मुलांचा गोंधळ होतो तो इथे: पाय डावा-उजवा बदलतो आणि हात मात्र प्रत्येक पावलावर उजवाच. डावा पाय आणि उजवा हात एकदम पडणं काहींना फार जड जातं. त्यांना ड्रम काढून नुसतं चालत, उजव्या हाताने मांडीवर ठोके देत मैदानाला दोन फेऱ्या मारू द्या.

दुसरी अडचण वळणाची. वळणावर बाहेरच्या मुलाला मोठी पावलं टाकावी लागतात, तो घाई करतो आणि हातही घाई करतात. वळण घेताना आतल्या मुलाने पाऊल आखडायचं आणि लय बेसचीच राहायची, हे वेगळं, ड्रम न वाजवता घोटा.

बेस आणि झांजा

बेसचा ठोका पानाच्या मधोमध नको, चार बोटं बाजूला मारा. मधोमध नुसता धप्प आवाज येतो, सूर निघत नाही. बीटर (बेस वाजवायची जाड टोकाची काडी) पानावर दाबून ठेवू नका. बेसवाल्याला ड्रमवरून समोरचं दिसत नाही, म्हणून त्याची जागा बँडमेजरच्या, म्हणजे पथकापुढे काठीने खुणा देणाऱ्याच्या, काठीची हालचाल दिसेल अशी ठरवा, किंवा त्याच्या पुढच्या मुलाचे पाय दिसतील इतकं अंतर राखा. या मुलाला एकट्याला रोज दहा मिनिटं मेट्रोनोमबरोबर वाजवायला लावा, सगळ्या आठवड्यांत, सुट्टी न देता. पथकाच्या लयीतला निम्मा दोष इथेच दुरुस्त होतो.

झांजांना लाकडी मुठी बसवून स्क्रू आवळू नका. तडा तिथूनच जातो. चामड्याचा पट्टा आणि त्याची चपटी गाठच बरोबर. दोन्ही झांजा अगदी समोरासमोर आपटल्या तर हवा कोंडते आणि ‘फस्स’ असा आवाज येतो. एकीची खालची कड किंचित आधी लागू द्या, बाकीची लगेच मागून. शाळकरी मुलांना १४ ते १६ इंची पुरेत.

आवाज उशिरा पोचतो

याचा विचार फार थोडी पथकं करतात, आणि तक्रारी मात्र सगळ्या यावरूनच होतात. पावसाळी उबदार हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. पथक बारा मीटर लांब असेल तर शेवटच्या रांगेतला ठोका पहिल्या रांगेला ०.०३५ सेकंद उशिरा ऐकू येतो. ११६ च्या लयीत ठोक्याचा चौथा भाग ०.१३ सेकंदांचा असतो, म्हणजे हा उशीर त्याच्या पाव हिश्शापेक्षा जास्त. प्रत्येकाने कानाने लय पकडली तर हा फरक रांगेगणिक पसरत जातो. म्हणून बेस आणि साइड ड्रम पथकाच्या मधोमध एकत्र ठेवा, विखरू नका. सहा साइड ड्रम दोन ओळींत, तीन-तीन, त्यांच्या मागे बेस, बाजूंना टेनर.

मागच्या तुकड्यांचा हिशेब आणखी स्पष्ट आहे. बँडपासून १०० मीटर मागे चालणाऱ्या तुकडीला ठोका ०.२९ सेकंद उशिरा पोचतो. ११६ च्या लयीत पूर्ण ठोकाच ०.५२ सेकंदांचा, त्यामुळे ही मुलं बँडच्या तुलनेत अर्ध्या पावलापेक्षा जास्त मागे असतात. व्यासपीठावरून ती चुकल्यासारखी दिसतात आणि बोलणी खातात, पण ती कानाला इमान राखून बरोबर चाललेली असतात. उपाय एकच: लांब संचलनात बँडला पुढे चालत ठेवू नका. सलामी मंचासमोर, मार्गाच्या पलीकडच्या बाजूला त्याला उभं करा आणि तुकड्या मधून जाऊ द्या. सलामी देताना प्रत्येक तुकडी बँडच्या जवळ असते, आणि मंचावरच्यांना पाय आणि ठोका एकत्र दिसतात.

इमारतीने तीन बाजूंनी वेढलेल्या मैदानात प्रतिध्वनीचाही त्रास होतो. भिंत ३० मीटरवर असेल तर ठोका ०.१७ सेकंदाने परत येतो आणि नवखी मुलं त्याच्यामागे जाऊन हळू होतात. ‘कान नाही, काठी’ ही सूचना त्या वेळी उपयोगी पडते: नजर बँडमेजरच्या काठीवर, पाऊल तिच्याबरोबर, हात पावलाबरोबर.

सुरू करणं, थांबणं आणि राष्ट्रगीताआधीचा रोल

सुरुवात आणि शेवट यांच्या खुणा एकदा ठरवा आणि वर्षभर बदलू नका. सैनिकी बँडमध्ये शेवट जवळ आला की बेस दोन जोडठोके देतो आणि चालू ओळ संपताच सगळे थांबतात. शाळेलाही हीच खूण सर्वांत सोपी, कारण ती पाठ फिरलेल्या मुलालाही ऐकू येते.

रोल म्हणजे ड्रमचा सलग, न तुटणारा आवाज. त्यासाठी पहिल्या वर्षी जोड्यांचा मोकळा रोल मागू नका. काडी पानावर किंचित टेकवून ‘झर्र’ असा आवाज काढायचा आणि हात ‘त-कि-ट त-कि-ट’ या गतीने, म्हणजे पावलाला सहा वेळा, आलटून पालटून हलवायचे. ११२ ला हे सेकंदाला साधारण अकरा हलणं होतं आणि बऱ्याच मुलांना ते जड जातं. तेव्हा पावलाला चार, म्हणजे ‘त-क-धि-मि’ इतकेच हात ठेवा आणि ‘झर्र’ लांब करा. सगळ्यांचे हात एकाच गतीने हलले की रोल एकसंध ऐकू येतो. प्रत्येकाने आपल्या जिवाच्या वेगाने थरथर केली तर नुसता गोंगाट.

राष्ट्रगीत बँडवर वाजणार असेल तर त्याआधीच्या रोलला नियम आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आदेशांनुसार, राष्ट्रगीत सुरू होत असल्याची दुसरी काही खूण नसेल तर आधी ड्रमचा रोल द्यायचा. त्याची लांबी धीम्या चालीच्या ७ पावलांची. रोल हळू सुरू होतो, शक्य तितका मोठा होतो, मग पुन्हा सुरुवातीइतका हलका होतो, पण सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू येत राहतो. नंतर एक ठोका शांतता, आणि मग राष्ट्रगीत. धीमी चाल मिनिटाला ७० पावलांची धरली तर सात पावलं म्हणजे सहा सेकंद. मुलांना उंचीच्या भाषेत सांगा: एकला काड्या ५ सेंटिमीटरवर, चारला ३०, सातला परत ५. चढताना सगळ्यांना येतं. उतरताना मुलं हात एकदम सोडून देतात आणि पाचव्या ठोक्यालाच आवाज संपतो. रोज तीन वेळा फक्त उतरणीचा सराव करा. आणि शांततेचा तो एक ठोका मोठ्याने मोजून घ्या, नाहीतर बासऱ्या वेगवेगळ्या वेळी सुरू होतात. पूर्ण राष्ट्रगीताला साधारण ५२ सेकंद लागतात. तेवढा वेळ लय ओढली जात नाही ना, ते घड्याळ लावून बघा.

आठ आठवडे

शाळा जूनच्या मध्यावर उघडते असं धरून, आठवड्यातून चार दिवस, रोज पाऊण तास. विदर्भात शाळा उशिरा उघडतात, तिथे पहिले दोन टप्पे एकेका आठवड्यात उरका आणि बोल एकच ठेवा.

पहिला-दुसरा आठवडा: निवड, वाद्यदुरुस्ती, पाट्यांवर पकड आणि आठ-आठ. तिसरा: कदमतालावर व्यायाम, बोल तोंडाने. चौथा: ड्रम गळ्यात, पण रोज वीसच मिनिटं. पाचवा: बेस आणि साइड ड्रम एकत्र, चालत. सहावा: बासऱ्या किंवा ब्रास (पितळी) वाद्यांबरोबर. सातवा: वळणं, सुरू-थांब, राष्ट्रगीताचा रोल. आठवा: पूर्ण गणवेशात, खऱ्या मैदानावर, नवीन काहीही न शिकवता. आठव्या आठवड्यात एखादा उत्साही पालक किंवा सहकारी नवा बोल सुचवतोच. तो जानेवारीसाठी राखून ठेवा. प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने होणाऱ्या राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धेत उतरायचं असेल तर ही पायाभरणी तिथेही कामी येते. पाइप बँड आणि ब्रास बँड यांचे गट तिथे वेगळे असतात, त्यामुळे आपलं पथक कशात बसतं ते आधी ठरवा.

वजन, कान, पाऊस

२०२०च्या दप्तर धोरणात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं असं म्हटलं आहे. चाळीस किलोच्या मुलाला म्हणजे चार किलो. साइड ड्रम बहुतेक वेळा याच्या वर जातो, बेस तर नक्कीच. म्हणून ड्रम गळ्यात सलग वीस मिनिटांहून जास्त नको, मध्ये खाली ठेवायला लावा. पट्टा मानेवर न येता खांद्यावर पसरेल असा रुंद घ्या. ‘सर, मान दुखतेय’ हे ऐकलं की त्याच दिवशी पट्टा बदला.

पावसामुळे सराव वर्गात घेतला तर ड्रम नको, पाट्या घ्या. बंद खोलीत सहा साइड ड्रमचा आवाज सहज १०० डेसिबलच्या वर जातो. ८५ डेसिबल आठ तास सुरक्षित धरले तर प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० ला फक्त पंधरा मिनिटं. खोलीत ड्रम वाजवावाच लागला तर मुलांना आणि स्वतःलाही फोमचे कर्णबोळे घाला. कापसाने भागत नाही.

सराव संपला की पानं आणि कडी कोरड्या फडक्याने पुसा, तारांचा खटका सैल सोडा, आणि स्क्रूंना महिन्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब द्या. तेल पानाला लागू देऊ नका.

१४ ऑगस्टला एकदाच, पाऊण तास, तेही सकाळी. मग एका डब्यात हे भरून ठेवा: दोन चाव्या, वरचं एक पान, खालचं एक पान, काड्यांच्या तीन जोड्या, पट्ट्याचे दोन आकडे, चिकटपट्टी, कात्री, सहा मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि दोन कोरडी फडकी. डबा बेसवाल्याच्या मागे चालणाऱ्या राखीव मुलाकडे द्या, आणि त्यात काय कुठे आहे ते त्याला डोळे मिटून सांगता येईल इतकं पाठ करून घ्या.